क्रमांक न घातलेला कागद

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याला आईशी रोज फोनवर बोलते, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी जर्मनीत बॉनला पीएचडीला आले. विषय होता हेलेना नावाची एक बाई — नाझी राजवटीत वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणारी. तेव्हा समीक्षेवर बंदी होती. चित्र चांगलं की वाईट हे म्हणायचं नाही, नुसतं काय दिसतं ते लिहायचं. हेलेना तेच करायची. राजवटीच्या लाडक्या चित्रकाराबद्दल लिहायची — डावीकडे बैल, उजवीकडे शेतकरी, चौकट रुंद. बस्स. मला वाटायचं, केवढं हे धाडस! बाई गप्प राहून बोलतेय. याच एका कल्पनेवर मी चार वर्षांचा प्रबंध उभा केला.

तिची मुलगी उर्सुला, नव्वदीला टेकलेली. तिने माळ्यावरचे खोके मला उघडून दिले. तिरप्या खिडकीखाली मी दुपारभर बसायचे. बाहेर ऱ्हाईन नदीवर धुकं, आत धूळ, पिवळे कागद — आणि सगळंच हळूहळू तरंगतंय, मीसुद्धा, असं वाटायचं. चार वाजता खालून हाक यायची. कॉफी आणि घरचा केक. "ये, ये, आधी खा. हाडं दिसतायत तुझी," त्या म्हणायच्या. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणू लागले होते.

आमच्या कामाची एक रीत असते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालायचा आणि यादीत चढवायचा. क्रमांक नाही, तो कागद जगाच्या लेखी नाहीच.

तर तो कागद — हो, सांगते. एका सरकारी कचेरीला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत. हेलेनाची मैत्रीण लिओनी चित्रकार होती. तिला ब्रश हातात धरायलाही मनाई केली होती. पत्रात लिहिलं होतं, की ती अजून रंगवते. स्वयंपाकघरात, निळ्या पडद्यामागे, सकाळचं ऊन टेबलावर येतं तेव्हा. टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून भर थंडीत खिडकी उघडी असते. खाली हेलेनाची सही. लिओनीला घेऊन गेले आणि ती परत आली नाही, हे मला आधीच ठाऊक होतं.

मी ते तीनदा वाचलं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — किती सुंदर लिहिलंय.

पेन्सिल हातात होती. मी क्रमांक घातला नाही. कागद शिवणाच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि कॉफीला खाली गेले. केकचे दोन तुकडे खाल्ले.

आजींना त्रास नको म्हणून केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे. आजींनी ते पेललं असतं. प्रबंधाला पेललं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना — ती मूठ माझी होती.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर? लिओनीची नात हान्ने, स्टुटगार्टची निवृत्त शिक्षिका, तिने मला पत्र लिहिलं. आपल्या आजीची, लिओनीची, खबर कोणी दिली, हे ती जन्मभर शोधत होती. तुम्हाला त्या खोक्यांत काही मिळालं का? — एवढंच विचारलं होतं. मी दोन दिवस घेतले आणि एका ओळीत कळवलं, काहीही सापडलं नाही.

मग माझं पुस्तक निघालं. हान्ने ते वाचून बॉनला आली, कागदात गुंडाळलेलं चित्र घेऊन. लिओनीचं तेवढं एकच उरलेलं — हिरव्या स्कार्फमधली हेलेना. "दोघी मैत्रिणी आता एका घरात राहू देत," म्हणाली आणि ते तिने उर्सुला आजींना देऊन टाकलं. दोन म्हाताऱ्या हात धरून रडल्या. माझ्या हातात फोन दिला होता. मी फोटो काढला.

ते चित्र आता माळ्याच्या जिन्यात आहे. शिवणाच्या नमुन्यांचा गठ्ठा वर, त्याच खोक्यात.

दर नाताळला हान्नेचं कार्ड येतं. माझ्या आजीला अशी मैत्रीण होती हे तुझ्यामुळे कळलं, असं ती लिहिते. यंदाही लिहिलंय. मी उत्तर पाठवलं — तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा.