आत्याबाईंची पाठ

फोन आला तेव्हा मी अमरावतीत शिकवणीच्या वर्गावर होते. "माय गेली... चहा पिता पिता," एवढंच आमच्या ह्यांनी सांगितलं. मी खडू ठेवला, पोरांना घरी पाठवलं आणि अकोटची बस धरली. त्याला आता महिना होत आला. सासूवर लिहिणाऱ्या सुना कमी असतात, हे मला माहीत आहे. पण गिरजाबाईंसोबत मी एक भादवा काढला आहे, आणि तो लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं सासर पानमळ्याचं. विड्याची पानं खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची, यात त्यांचा जन्म गेला. मी माझ्या माहेरची पहिली बी.ए. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचा ताठा होता, अजूनही आहे. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून लय शिकेल हाय, तिले काम सांगाची सोय नाई." आम्ही भांडलो नाही कधी. पण जवळही आलो नाही. सणावाराला मी जायची, पाया पडायची, परत यायची.

मग त्या ओसरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हाड जुळेल. आता सांभाळायची आहे ती कातडी. या वयात, या दमट हवेत पाठ फुटली, तर ती जखम माणसाला घेऊन जाते." मी रजा टाकली. पंपाने हवा भरणारी एक गादी घेतली आणि गावी आले. गादीने आठवडाभर चांगलं काम केलं. मग गावची विजेची डीपी जळाली. पंखा बंद, पंप बंद, गादीतली हवा बसली. बाहेर पावसाची झड, आत उकाडा असा की भिंतींनाही घाम सुटावा. लाइनमन "उद्या" म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही.

त्याच दिवसांत आत्याबाईंच्या पाठीला आग व्हायला लागली. मला हात लावू देईनात. "मले नाई जमत व असं उघडं पडणं. तुह्या सासऱ्यापुढंई डोक्यावरचा पदर नाई पडू देला म्या." शेवटी मी दाराला कडी लावली आणि जबरदस्तीनेच त्यांना कुशीवर केलं. पाठीखाली ओलं फडकं होतं! शेजारच्या शेवंताकाकूंकडून त्या ते रोज भिजवून घेत होत्या. वर घामाला म्हणून पावडर थापलेली, तिचा पार चिखल झाला होता. माकडहाडावरची कातडी पांढरी, भिजून फुगलेली, आणि मधोमध लालभडक डाग. बोटाने दाबला तरी त्याची लाली हटेना. म्हणजे आत रक्त फिरत नव्हतं, पाठ फुटायच्या बेतात होती.

"हे काय केलं आत्याबाई?"

"काय केलं मंजे? गरमीत पानं ओल्यातच ठेवा लागते. नाई त सुकते."

चाळीस वर्षांची सवय बोलत होती. तिला वेडेपणा म्हणून उपयोग नव्हता. मी विचारलं, "आणि पानांची गड्डी बांधून ठेवता, ती तशीच ठेवता का?"

"तशीच कशी ठेवू? पालटा लागते. दबलं पान सडते."

"मग तुम्ही कोणत्या अंगावर आहात चार दिवसांपासून?"

आत्याबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "मंग पालट. पण डोये मीट."

"डोळे मिटून पाठ कशी पाहू?"

"त मंग बोलत राय. तू चूप राह्यली का मले वाटते, पाहूनच राह्यली."

असं ठरलं. साध्या पाण्याने अंग पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं. काखा, मांड्या, छातीखालची घडी, सगळं कोरडं होईपर्यंत सुपाने वारा घालायचा. पावडर बंद. लाल डागाला चोळायचं नाही, त्याच्यावर भार येऊ द्यायचा नाही. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. जुन्या लुगड्याची मऊ फडकी त्या हवेत वाळायची नाहीत, म्हणून निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर मी ती वाळवायची. आणि दिवसभर पालटत राहायचं, चांगल्या बाजूवर, मग पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, मग परत.

बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून मी माझ्याबद्दल सांगत सुटले. फीसाठी बापाने बकऱ्या विकल्या ते, कॉलेजात माझ्या बोलीला पोरी हसायच्या ते. एकदा आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "एवढी बी.ए. होऊन शेवटी माहं बूडच पुसाले आली व!" मी हसले, त्याही हसल्या. हसताना खुबा दुखला म्हणून मला शिवी दिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी डाग दाबला तर बोटाखाली पांढरा झाला. मी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "काऊन चूप झाली? फुटली का?"

"नाही आत्याबाई. वाचली."

त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ... मग लाइट आली, आणि महिना-दीड महिन्याने त्या वॉकर धरून अंगणात आल्या. पुढे दोन पावसाळे त्या मळ्यापर्यंत जायच्या.

फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात बायका आंघोळ घालायला थांबल्या होत्या. दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला होता. मी तो उंच धरायला लावला आणि दोघींनाही तोंडं फिरवायला सांगितली. पाणी घालून झालं. त्यांना कुशीवर केलं. पाठ अखंड होती, कुठे साधा चट्टाही नव्हता. मी माझा पदर ओढला आणि टिपू लागले, घासलं नाही. आडोशापलीकडून शेवंताकाकू म्हणाल्या, "आता काय पुसतं व माय, ओल्यातच नेसव. मंडळी थांबली हाय."

"थांबू द्या," मी म्हटलं.

पाठ पुरी कोरडी झाली, मग लुगडं नेसवलं. तोवर मंडळी थांबली.