डेअरीच्या रांगेत वाचलेली यादी

"साहेब, यादीत माझं नाव हाय न्हवं?"

चावडीच्या दारात शेवंताबाई उभी होती. दोन हजार पाचचा पूर नुकताच ओसरला होता. जयसिंगपूरजवळच्या त्या गावात मी तलाठी. पडलेल्या घरांची यादी टेबलावर होती, फक्त माझी सही बाकी. त्यात तिचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे सरकारी मदत नाही. एकटी बाई, पडलेल्या भिंती उभ्या करणार कशानं?

पंचनामा म्हणजे जागेवर जाऊन, चार माणसांसमोर नुकसान बघून केलेली नोंद. मी काय केलं होतं? आदल्या दिवशी गुडघाभर चिखल बघून सरपंचांच्या घरी सोप्यात बसलो, चहा प्यालो आणि त्यांनी सांगितली ती नावं लिहिली. गाढवपणा माझाच. त्यात त्यांच्या भावाचा गोठा 'राहतं घर' म्हणून चढलेला.

सर्कलना, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांना, फोन करून यादी बदलायची म्हणालो. ते तापलेच.

"तहसीलदार डोक्यावर बसलेत. सही कर आणि पाठव."

"उद्या दुपारी देतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

सगळं गाव एका जागी सापडतं ते सकाळी डेअरीवर, दूध घालताना. तिथं जाऊन रांगेसमोर यादी मोठ्यानं वाचली. सरपंचांच्या भावाचं नाव आलं. तो स्वतःच किटली घेऊन रांगेत. मागनं एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "त्या घरात म्हस ऱ्हाती. तिचंबी नाव लावा की."

रांग हसली. सरपंचांचा भाऊ खाली बघून म्हणाला, "खोडा ते." मग आणखी दोघांनी आपणहून आपली नावं काढायला लावली. वर्षभर चौकशी करून जे झालं नसतं, ते दूध मापून व्हायच्या आत झालं.

तिथल्याच चौघांना घेऊन शेवंताबाईचं घर गाठलं. भिंती बघितल्या, नोंद केली, सह्या घेतल्या. दिवाळीच्या आत तिच्या भिंती उभ्या राहिल्या. सर्कल महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढच्या पुराला मात्र त्यांनीच सगळ्या तलाठ्यांना सांगितलं, यादी डेअरीवर वाचा.

आता मोबाइलवर फोटो काढून काम होतं. बरंच झालं. पण ती सकाळ, किटल्यांचा तो खडखडाट फार आठवतो. आणि पाय धुवायला पाणी देताना शेवंताबाई म्हणाली ते.

"परवाबी एवढाच चिखल हुता, साहेब."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी पंचनामा आधी केला, चहा नंतर घेतला.