दस्त्यावरचे चरे

नव्वदच्या दशकात आखातातल्या अल क्वोज भागात एका गोदामात मी पॅकिंग बघायचो. संग्राहकांना विकायच्या जुन्या मशीनगन तपासून किमतीचा रिपोर्ट द्यायला तिथे एक साहेब येत. नळी वेल्डिंगनं बुजवलेली आणि आतले भाग कापलेले असले, की ते गनला 'शोभेची वस्तू' ठरवत. तरीही तिच्या तोंडासमोर ते कधी उभे राहत नसत.

एकदा एका गनच्या लाकडी दस्त्यावर ओळीनं चरे निघाले.

"एक चरा म्हणजे एक माणूस!" गोदामाचा मालक खुशीत म्हणाला. "रिपोर्टमध्ये लिहा साहेब, भाव दुप्पट होईल."

साहेबांनी चऱ्यांवरून हळूच बोट फिरवलं. "गनची किंमत लिहितो. मेलेल्यांची नाही लिहिणार."

"मग दुसरा माणूस बघतो. खलास!"

साहेब निघून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. दुसऱ्याच्या रिपोर्टवर गन दुप्पट भावानं विकली गेली. ती कापडात गुंडाळताना माझा हात त्या चऱ्यांवर टेकेना.