बैलगाडीच्या चाकावर मोटारसायकलचं चाक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी शहाद्याजवळ, तापीकाठच्या एका गावात डॉक्टरकी करत होतो. एक जुनी मोटारसायकल घेतली होती. तिच्यावरून पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत रोगी बघायला जायचो. वाटेवर बाभळी फार. काटा घुसला की टायर घरीच काढावा लागे, आणि माझ्या हातून ट्यूब हमखास चिमटून फाटे. नव्या ट्यूबा तेव्हा कुठेच मिळत नव्हत्या.

एका सकाळी अंगणात टायर उचकटताना लोखंडी पट्टी निसटली आणि डाव्या अंगठ्यावर बसली. अंगठा टम्म सुजला. बायकोने फडकं बांधलं. ती जवळच्याच गावातल्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, केळीच्या बागेत वाढलेली. अंगठा बांधून झाल्यावर ती चाकाकडे बघत म्हणाली, "आते मी करस. मन्हा हात शेतस ना." आता मी करते, माझे हात आहेत ना, असं तिचं म्हणणं.

मला ते खरं वाटलं नाही. पण ती कामाला लागली. मी टायर ओढतो तेव्हा चाकच गरागरा फिरतं, हे तिने पाहिलं होतं. परसात बैलगाडीचं एक मोडकं चाक पडलं होतं. सुताराला बोलावून तिने ते विटांवर आडवं बसवून घेतलं आणि मधल्या भोकात सागाचा खुंटा ठोकायला लावला. त्या खुंट्यावर मोटारसायकलचं चाक घातलं आणि दोरीने आवळलं. आता ते हलेना. मग एका लांब फळीचं टोक भिंतीतल्या कडीखाली अडकवून ती फळी टायरच्या कडेवर टेकवली, आणि दुसऱ्या टोकावर स्वतः चक्क बसली. रिमला चिकटलेली कड सुटून खाली गेली. पुढचं काम पट्टीने. कडेला रिठ्याचं पाणी लावायचं तिलाच सुचलं.

पहिल्या खेपेला तिच्याकडूनही ट्यूब फाटली. तिने लगेच ट्यूबला ठिगळ लावलं आणि पुन्हा बसली. समोरची कड पायाने रिमच्या खोलगट भागात दाबून धरली, तशी हातातली कड सैल पडली. त्यानंतर तिच्या हातून ट्यूब फाटलेली मला आठवत नाही.

अंगठा अजून बांधलेलाच होता, तेव्हा डोंगरातल्या मोलगी गावाच्या वाटेवरच्या पाड्यातून एक माणूस घोड्यावरून आला. त्याची बायको अडली होती. मोटारसायकलचं चाक तर काढून ठेवलेलं. "तुम्ही बॅग भरा," बायको म्हणाली. मी औजारं उकळून घेईपर्यंत टायर चढवून, हवा भरून तिने चाक तयार ठेवलं होतं. ते जाग्यावर बसवायला घोडेवाल्याने हात दिला. खडकाळ वाटेवर मी सारखा खाली वाकून मागच्या चाकाकडे बघत होतो. हवा शाबूत होती. वेळेवर पोचलो. बाई वाचली, मुलगीही वाचली.

घरी आलो तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. "दोन्ही बरी शेतस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती उठली, मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मला पाणी आणायला आत गेली.

पुढे कितीतरी वर्षं आमच्या गाडीचे टायर तिनेच बदलले. हे मी तिला शिकवलं असं लोक धरून चालत. मी दर वेळी सांगायचो, मीच तिच्याकडून शिकलो.