गंमतमहालात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम

मला मुंबईत राहायचं होतं, आणि त्यासाठी लग्न करावं लागलं तरी माझी हरकत नव्हती.

नवरा कसाही चालला असता. काळा, बुटका, टकला, घोरणारा, अगदी कविता करणारासुद्धा! फक्त त्याच्या दारात नळ हवा होता आणि दाराबाहेर शेत नको होतं. माझं माहेर कडावचं. आषाढ लागला की आमच्या घरातलं प्रत्येक माणूस भात लावायला कमरेत वाकायचं, ते श्रावणातच सरळ व्हायचं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडायच्या, त्यांना खोबरेल लावायचं आणि सकाळी परत त्याच चिखलात उतरायचं. देवाजवळ मी रोज एकच मागणं मागायची : मला कोरड्या जागी दे. (‘कोरड्या जागी’ एवढंच म्हणायची. देवाला नीट पत्ता द्यायला हवा होता, हे नंतर कळलं.)

आणि एक दिवस लालबागचं स्थळ आलं! मुलगा गोदीत कारकून, चाळीत खोली, घरात फक्त तो आणि त्याची आई, मूळ गाव चौक, थोडीफार शेती. मी ‘चाळीत खोली’पर्यंत ऐकलं आणि मनानं तिथं राहायलाही गेले. पुढचं बाबा कुणाला तरी सांगत होते.

आमच्या आळीतली एक मुलगी ठाण्याला दिली होती. माहेरपणाला आली होती, तिनं माझी शिकवणी घेतली. “हाय-नाय करायचं नाही. आहे-नाही म्हणायचं. झुरळ दिसलं की किंचाळायचं. खाताना अर्धं ताटात टाकायचं. आणि कुठं चिखल दिसला तर नाकाला रुमाल लावून ‘ईऽऽ’ म्हणायचं.”

मी गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून ‘ईऽऽ’चा सराव केला. म्हशीनं दोन वेळ दूध चोरलं. आई मला मारायला धावली, पण माझा ‘ईऽऽ’ असा काही तयार झाला की ऐकणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी!

मग निरोप आला. मुलाची आई, यशोदाबाई, म्हणत होत्या, घरी कांदेपोहे नकोत. मुंबईत एका मैदानात मोठं प्रदर्शन भरलंय, तिथं ‘गंमतमहाल’ नावाची काहीतरी मौज आहे. तिथं भेटू, म्हणजे मुलं मोकळेपणानं एकमेकांना बघतील.

बाबा भडकले. “पोरगी दावायची ती जत्रेत? काय रीत हाय का नाय?”

“बैल नाय दावत बाजारात?” चंद्राआत्या म्हणाली. “चालवून बघतात, पळवून बघतात. तसंच हाय ते.”

ही चंद्राआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. देहानं भाताचे भारे रचलेल्या उडवीएवढी आणि आवाजानं दोन शेतं पलीकडच्या माणसाशी कुजबुजू शकणारी. आई म्हशीपाशी थांबली आणि तिच्याऐवजी आत्या निघाली. वाटेत मी तिच्या हातापाया पडून शपथ घातली, “आत्ये, तिथं शेतीचं एक अक्षर काढू नको. आपण शेतकरी हाय हे दिसता नये.”

“नाय काढत गं. मी काय येडी हाय?”

(आत्या हा प्रश्न नेहमीच उत्तराची वाट न बघता विचारायची.)

गंमतमहाल म्हणजे फळ्या-पत्र्यांचा रंगवलेला राजवाडा होता. दारावरच्या कर्ण्यातून एक माणूस सारखा हसत होता. दाराशी यशोदाबाई आणि दिनकरराव उभेच होते. बाई चणीनं लहान, नऊवारी, चांदीच्या काड्यांचा चष्मा. दिनकररावांनाही चष्मा, आणि अंगात पांढरा टेरिलीनचा शर्ट. तो इतका पांढरा होता की मला त्याच्याकडे बघताना मुंबईच दिसत होती! बाईंनी तिकिटं आधीच काढली होती. रांग कुठली, दार कुठलं, चपला कुठं ठेवायच्या, सगळं पाठ असल्यासारख्या त्या पुढे चालल्या. मला वाटलं, मुंबईची माणसं अशी चटपटीतच असतात.

पहिल्या खोलीची जमीन तिरकी होती. भिंतीही तिरक्या, भिंतीवरचं घड्याळही तिरकं. सरळ उभं राहायला जावं तर माणूस आपोआप एका बाजूला पळत सुटायचा. मी मुंबईकरणीसारखी भिंत धरून नाजूकपणे सरकत होते. तेवढ्यात मागून “धरा रं मलाऽऽ!” अशी आरोळी आली आणि आत्या सुटली. वाटेत बाबा होते, ते तिच्याबरोबर गेले. त्यापुढे दिनकरराव होते, तेही गेले. तिघं समोरच्या भिंतीवर पोचले तेव्हा घड्याळ सरळ झालं होतं!

“लागलं नाही ना?” मी शुद्ध भाषेत विचारलं.

“नाय,” दिनकरराव आत्याच्या खालून म्हणाले. (ते घाबरल्यामुळे गावच्या बोलीवर आले असावेत, असं मी समजून घेतलं.)

दुसरी खोली काळोखी होती. वरून दोऱ्या, चिंध्या सोडलेल्या, त्या तोंडाला लागायच्या. लोक खिदळत होते. इतक्यात काहीतरी ओलं, गार, लांबडं बाबांच्या मानेवरून फिरलं. आता मुंबईचा माणूस अशा वेळी हसतो. आमच्याकडचा माणूस जन्मभर भाताच्या भाऱ्यात हात घालतो, त्याला त्या स्पर्शाचा एकच अर्थ माहीत असतो.

“जनावर! सुमे, माघारी हो! जनावर हाय!” बाबा गरजले आणि हातातली छत्री उलटी धरून काळोखात सापाला झोडपू लागले.

“ओ काका! ओ काका, मारू नका! नोकरी आहे माझी!” साप म्हणाला.

पडद्याआडून एक माणूस बाहेर आला. त्याच्या हातात काठीला बांधलेला ओला स्पंज होता आणि कपाळावर टेंगूळ. बाबा इतके वरमले की त्यांनी त्याला तंबाखू देऊ केली. त्यानं घेतली, पण पुढच्या माणसांना घाबरवायला तो परत काही पडद्याआड गेला नाही.

तिसऱ्या खोलीत जमिनीतल्या जाळीतून अचानक वारा सुटायचा. आम्ही बायका पदर-निऱ्या धरून कडेकडेनं गेलो. बाबा मात्र मघाच्या चुकीबद्दल यशोदाबाईंची माफी मागायला नेमके जाळीवर थांबले. “वयनी, मला वाटलं, की...” एवढं बोलले आणि त्यांचं धोतर डोक्यावर गेलं. पुढची माफी त्यांनी धोतराच्या आतून मागितली. यशोदाबाईंनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. मी मनात लालबागच्या खोलीतलं सामान आवरायला घेतलं.

तरी आशा होती! आता फक्त शेवटची खोली उरली होती. ‘पायांची सहल’ असं तिचं नाव. अनवाणी चालायचं. आधी वाळू, मग कापूस, मग गोटे, मग गार फरशी, आणि शेवटी...

शेवटी एक हौद होता. त्यात घोट्याच्या वर चिखल. बाजूला पाटी : ‘खेड्याचा आनंद लुटा.’ कडेला शोभेला भाताची चार रोपं खोचलेली आणि रोपांच्या मुठी ठेवलेल्या. मुंबईची माणसं तिकीट काढून, एकमेकांचे हात धरून, किंचाळत त्यात पाय घालत होती! मी ज्याच्यापासून पळून इतक्या लांब आले, ते माझ्या आधी येऊन रंगीत पाटी लावून बसलं होतं.

पण म्हटलं, हीच वेळ. रुमाल काढला, नाकाला लावला आणि सगळी विद्या पणाला लावली. “ईऽऽऽ!”

कुणी ऐकलंच नाही. कारण आत्या हौदात उतरली होती.

“अगं सुमे,” ती सगळ्या महालाला ऐकू जाईल असं कुजबुजली, “माती चांगली हाय गं! पण चिखलणी नाय झालेली. ही बघ ढेकळं!” आणि लुगडं वर खोचून ती पायांनी ढेकळं फोडायला लागली. मग तिची नजर त्या शोभेच्या रोपांवर गेली. “हाय देवा! ही लावणी हाय? कुणी लावली रं ही? ही उद्या आडवी होतील!”

“ओ बाई,” राखणदार ओरडला, “हे काय शेत आहे?”

“नाय ना! तेच सांगते. शेत असं असतं का?”

आत्यानं रोपं उपटली, मूठ घेतली आणि वाकून मागं मागं सरकत लावायला लागली. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग! टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या ऐकून आत्याला चेव आला. मी काठावर रुमाल चावत उभी होते. दिनकरराव बुटांचा जोड हातात धरून माझ्या शेजारी, हौदापासून हातभर लांब. ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. “तुमच्या आत्या का?”

“नाही,” मी म्हणाले.

तेवढ्यात आत्या ओरडली, “सुमे, माझी रांग चुकतेय गं! तुझ्या बाजूनं धर!”

वाचकहो, माझी त्या क्षणी अक्कल कुठं होती, ते मला माहीत नाही. पण लहानपणापासून या हाकेला माझ्या अंगाला एकच उत्तर माहीत होतं. समोर अर्धं लावलेलं खाचर आणि वाकडी जाणारी रांग. भाताच्या खाचरातली अर्धी रांग ज्याला सोडून जाता येते, तो आमच्याकडचा नव्हे. मी निऱ्या कधी खोचल्या, कधी उतरले, कधी वाकले, काही कळलं नाही. हात आपले चालले. भराभर, मागं मागं, तीन-तीन काड्या, वीतवीत अंतरावर. मुंबईच्या टाळ्या कानावर पडत होत्या आणि मी हौद संपवत होते! मागं सरकता सरकता माझी पाठ कुणाला तरी धडकली आणि ती व्यक्ती ‘अगं बाई’ म्हणून चिखलात बसली. त्या यशोदाबाई होत्या; जवळून बघायला त्या हौदात कधी उतरल्या होत्या, कोण जाणे.

बाबा त्यांना उठवायला धावले आणि त्यांच्या शेजारी बसले.

इथंही थांबलं असतं. पण आमच्याकडे लावणीचं शेवटचं खाचर संपलं की चिखल खेळतात. त्या दिवशी घरचा जावई, निदान होऊ घातलेला, बांधावर सापडला, तर त्याच्या गालांना चिखल फासल्याशिवाय बायका सोडत नाहीत. तो मान असतो. फासला नाही तर जावई रुसतो! आत्यानं शेवटची काडी लावली, कंबर सरळ केली, इकडेतिकडे बघितलं. खाचर संपलेलं. काठावर जावई. तिला दुसरं काय सुचणार?

“दिनकरराव, मागं नका होऊ! मान हाय तुमचा!”

दोन्ही गाल, चष्मा आणि टेरिलीन. मुंबई मातीत गेली.

मग आम्ही सगळे नळाखाली पाय धुवायला गेलो. बाबा धोतर पिळत होते. आत्या मला म्हणाली, “फासला नसता तर वाईट नसतं का दिसलं?” मी रडायच्या बेतात होते. इतक्यात यशोदाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावर बोट फिरवलं.

“एक खाचर लावायला किती वेळ लागतो गं तुला?”

“मला येत नाही,” मी म्हणाले. माझ्या कोपरांपर्यंत चिखल होता.

बाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. “या मैदानात मी याआधीही मुली बघितल्या. एक हौद बघूनच माघारी फिरली. एक रडली. एकीनं ‘ई’ केलं.” मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “आम्हाला पसंत आहे. चौकला आमची शेती आहे, भाऊबंद गिळायला टपलेत. घरचं माणूस उभं राहून कसणारं हवं होतं. दिनूला चिखल सोसत नाही, त्याच्या अंगाला पुरळ उठतं. मीही आता म्हातारी झाले. मी राहीन इथं त्याच्या जेवणाखाण्याला. सुमन राहील तिकडं.”

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं त्याच चिखलाच्या हातांनी यशोदाबाईंना मिठी मारली, “विहीणबाई!” मी दिनकररावांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. मला वाटलं, हा माणूस आता म्हणेल, की आई, हिला इथं, माझ्याजवळ राहू दे. त्यांनी चष्मा घातला, मला नीट बघितलं.

“आई म्हणेल तसं,” ते म्हणाले.

लग्न मार्गशीर्षात झालं. वरात लालबागला गेली नाही, चौकला गेली. हे शनिवारी संध्याकाळी यायचे, बांधावर छत्री घेऊन उभे राहायचे, मी लावलेलं बघून “छान” म्हणायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. शेत भाऊबंदांच्या घशात गेलं नाही. सासूबाई लालबागच्या नळाखाली कपडे धुता धुता शेजारणींना सांगायच्या, सून निवडावी तर अशी. तीन बाळंतपणं झाली, केस पिकायला लागले. मुंबईत मी राहिले ती फक्त सासूबाईंच्या आजारपणात, आणि तेव्हाही त्या मला म्हणाल्या, “तू जा गं, रोपं वर आली असतील.”

पण चौकमध्ये माझा मान मोठा आहे. नवरा मुंबईला, म्हणून सगळा गाव मला ‘मुंबईवाली’ म्हणतो. बांधावरून कुणी हाक मारली, “काय मुंबईवाली, बरं हाय ना?” की मी लगेच ओ देते. फक्त वर बघत नाही, कारण हात चालू असतात.