ऑगस्टमधले चार शब्द

डॅरिल होर्वाटचं हेल्मेट धुवायची मला परवानगी नव्हती. एरवी आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामानाच्या खोलीत माझाच शब्द चालायचा. तेवीस वर्षं मी तिथे बूट, पट्टे, खांद्याच्या गाद्या सांभाळल्या आणि दर सोमवारी त्रेपन्न हेल्मेटं घासून लख्ख केली. बावन्नच म्हणा. डॅरिलच्या हेल्मेटावर समोरच्या संघांच्या रंगांचे ओरखडे असत, हिरवे, नारिंगी, जांभळे, आणि कुठला ओरखडा कुठल्या सामन्यातला हे तो न अडखळता सांगायचा. मी एकदा चुकून एक नारिंगी ओरखडा पुसला, तर हा गडी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. सामना सुरू होताना आमचा माणूस चेंडू लाथेने लांब उडवायचा. पलीकडचा एकजण तो झेलून बगलेत धरून पळायला लागायचा आणि त्याच्या पुढे चार धिप्पाड माणसं खांद्याला खांदा लावून भिंत करायची. डॅरिलने साठ यार्ड भरधाव पळत जायचं आणि त्या भिंतीत स्वतःला झोकून द्यायचं. भिंत फुटली की मागून येणारे आमचे लोक चेंडूवाल्याला लोळवायचे आणि टाळ्या त्यांना मिळायच्या. डॅरिलच्या हाताला वर्षभरात चेंडू लागत नसे. ओहायो नदीकाठच्या त्याच्या गावात चर्चमधल्या बायका त्याच्या आईला विचारायच्या, तुझा मुलगा नक्की खेळतो काय? ती म्हणायची, "आपटतो."

त्या खेळात जागा टिकवणं अवघड. डॅरिल एक रविवार बाहेर बसला असता तर मंगळवारी त्याच्या कपाटावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी लागली असती. ती पट्टी चिकटवणारा मीच, म्हणून मला पक्कं ठाऊक होतं.

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला लगेच परत मैदानात सोडायचं नाही, असा नियम आला तेव्हा चाचण्याही आल्या. ऑगस्टमध्ये, सराव सुरू व्हायच्या आधी, डॉक्टर प्रत्येकाला चित्रं, आकडे द्यायचा, शिवाय दहा शब्द वाचून दाखवायचा आणि वीस मिनिटांनी विचारायचा. किती आठवले ते लिहून ठेवायचा. पुढे मार बसला की पुन्हा चाचणी, आणि ऑगस्टचा आकडा गाठल्याशिवाय खेळायचं नाही. नियम चांगलाच होता. पण आमच्या लोकांनी आठवडाभरात त्यातली पळवाट काढली. ऑगस्टमध्येच मठ्ठ व्हायचं, सगळ्यात मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे तो आकडा सहज गाठता येतो. ही युक्ती माझी नव्हे, मी ती दुसऱ्याकडून ऐकली होती. पण माझ्या खिडकीशी हेल्मेट घ्यायला येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूला ती सांगणारा मीच होतो, आणि मला वाटायचं मी त्यांचं भलं करतोय.

डॅरिलला मी म्हणालो होतो, "चार सांग. बाकीचे सहा गिळून टाक. कुणी विचारलं तरी सांगू नकोस."

चाचणी देऊन तो थेट माझ्या खिडकीशी आला. चार सांगितल्याचं बोटांवर दाखवलं आणि मग इकडेतिकडे बघून गिळलेले सहा माझ्या कानात सांगितले. "कंदील, पूल, लोणी, वादळ, शिडी, मावशी." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढे ते आमचं खूळच झालं. सामन्याआधी हेल्मेटातल्या गादीत मी हवा भरत असलो की तो डोळे मिटून ते सहा शब्द पुटपुटायचा, लोक प्रार्थना करतात तसे. तीनदा त्याला मैदानातून हात धरून आणावं लागलं. एकदा तर तो समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला होता. तीनही वेळा त्याला चार शब्द आठवले, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा भिंतीत होता.

मग खेळाचे नियम करणाऱ्या लीगने भिंतच बंद केली. दोनपेक्षा जास्त माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही. दोन वर्षांनी चेंडू उडवायची जागा पाच यार्ड पुढे आणली, त्यामुळे चेंडू बहुतेक वेळा सगळ्यांच्या डोक्यावरून मैदानाच्या टोकापार जाऊ लागला आणि खेळ तिथेच थांबू लागला. डॅरिल साठ यार्ड पळायचा, थांबायचा आणि हात हलवत परत यायचा. बाकीचे त्याला चिडवायचे, काय रे, फिरून आलास का? त्याच मोसमानंतर त्याला नारळ मिळाला. एकोणतीस वर्षांचा होता. कपाट रिकामं करताना तो म्हणाला, "माझं डोकं वाचवायला निघालेत, म्हाताऱ्या. मला कुणी विचारलं?" मी तेव्हा पन्नाशीतही नव्हतो, पण सगळे मला म्हाताराच म्हणायचे. नियम बरोबर होते आणि त्याच्या पोटावर पायही त्यांनीच आणला होता. मी त्याला त्याचं हेल्मेट दिलं, न धुतलेलं.

त्यानंतर तो गावी टायरच्या दुकानात लागला. त्याने लोरीनशी लग्न केलं. ती इस्पितळात रुग्णांची देखभाल करायची. मीही निवृत्त होऊन नदीच्या त्याच बाजूला राहायला आलो. ईस्टरच्या आधीचे सहा आठवडे दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायला आम्ही दोघं कढईशी असायचो. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तो तळलेले मासे पुन्हा पिठात घोळवून तेलात सोडताना दिसला. मी थट्टा केली, तोही हसला. पुढच्या शुक्रवारी त्याने तेच केलं. तेव्हा मला हसू आलं नाही.

मग दुकान सुटलं. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा तो पुलापलीकडे वेस्ट व्हर्जिनियात सापडला, चपला घालून, बर्फात. लोरीनने नोकरी सोडली, कारण त्रेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला घरात एकटं ठेवता येईना. लीगच्या मदतयोजनेतून अशांना दिवसभरासाठी घरी माणूस मिळतो. तो मिळाला असता तर लोरीनला घराबाहेर पडता आलं असतं. अट एकच. या खेळाडूची बुद्धी पूर्वीपेक्षा घसरली आहे, असं डॉक्टरने लिहून द्यायचं.

पूर्वीपेक्षा. हा शब्द लोरीनने मला वाचून दाखवला तेव्हा मी तिला तो परत वाचायला लावला.

तपासणीच्या दिवशी गाडी मीच चालवली. लोरीन बाहेर बसली आणि डॅरिलने हट्ट धरला म्हणून मी आत. डॉक्टरीणबाई फेल्डर भल्या वाटल्या. त्यांनी सावकाश दहा शब्द वाचले. घोडा, खिडकी, साबण असे काहीतरी. मला आता सगळे आठवत नाहीत, पण आमच्या जुन्या सहांपैकी त्यात एकही नव्हता. मग चित्रं, आकडे, घड्याळ काढणं. वीस मिनिटांनी त्यांनी शब्द विचारले. डॅरिल ताठ बसला आणि त्याने चार सांगितले. बरोबर चार. मग तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघितलं.

बाईंनी जुनी फाईल उघडली. त्यात प्रत्येक ऑगस्टला चार लिहिलेले होते. चित्रांचं आणि आकड्यांचंही तसंच. त्या म्हणाल्या, बोलताना हे गृहस्थ मला ठीक वाटत नाहीत, पण कागदावर त्यांच्यात अठरा वर्षांत काहीच फरक नाही. ते पहिल्यापासून असेच होते, असं मला लिहावं लागेल.

डॅरिलला मी बाहेर लोरीनजवळ बसवलं आणि परत आत गेलो. दार लावून घेतलं.

"ते आकडे खोटे आहेत बाई," मी म्हणालो. "मी शिकवलं त्याला. हवं तर सही करून देतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सही केलीत तर त्यांनी जाणूनबुजून चाचणी खोटी दिली असं होतं. तशा खेळाडूचा अर्ज कायमचा बाद होतो. तो नियमच आहे. तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलेलं नाही, आजोबा. कळलं ना?"

मला कळलं. खरं सांगावं तर तो लबाड, गप्प बसावं तर तो जन्मापासूनच मठ्ठ. दोन्हीकडून दार बंद, आणि दोन्ही कड्या मीच घातलेल्या. मला स्वतःची अशी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. खुर्चीवरून उठताना मी बाईंचे आभारसुद्धा मानले.

परत निघालो. लोरीन मागे बसली होती. तिला काही सांगावं लागलं नाही, माझ्या तोंडाकडे बघूनच ती समजली होती, आणि खिडकीबाहेर बघत होती. डॅरिल माझ्या शेजारी मजेत होता. पूल आला तेव्हा त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"चारच सांगितले," तो हळूच म्हणाला. "तू म्हणालास तसंच. बाईला पत्ता लागला नाही."

मी मान हलवली.

त्याने मागे वळून लोरीन ऐकत नाही ना हे पाहिलं, माझ्या कानाशी वाकला आणि आज गिळलेले शब्द मला सांगितले.

"कंदील, पूल, लोणी, वादळ, शिडी, मावशी."