नानाचा पहिला नंबर

मला पुण्याच्या गाडीत बसवायला वडील डंक्यावरून थेट धुळ्याच्या स्टँडवर आले. सदऱ्यावर मिरचीची पूड, भुवयांतही मिरचीची पूड. बॅग वर ठेवायला ते गाडीत चढले आणि पुढच्या बाकांवरची माणसं खोकायला लागली. कंडक्टर म्हणाला, "आबा, उतरा खाली, नाहीतर गाडी इथंच राहील." वडील उतरले, खिडकीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "तुले तठे कोन वळखस?" तिथं तुला ओळखतं कोण? उत्तर त्यांना नको होतं. गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून ते निघाले, कारण दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पुण्यापर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बॅगेला वास येत होता.

आमचं दुकान म्हणजे मसाला कांडपाचा डंका. बायका भाजलेल्या मिरच्या, धने, खोबरं डब्यांत घेऊन यायच्या आणि मसाला कुटून होईपर्यंत पदर नाकाला लावून मशीनपाशीच उभ्या राहायच्या. आपला माल दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून. दुकानाला पाटी नव्हती. मी एकदा विचारलं तर वडील म्हणाले, "पाटी कसाले जोयजे? नाक शे ना लोकेसले." ते खरंच होतं. गल्लीच्या तोंडाशी ठसका लागला की माणूस बरोबर आमच्या दारात यायचा.

पुण्यात मी नेमकं पाटी लावायचंच काम धरलं. फोनवर काही शोधलं की जी यादी येते, तिच्यात क्लायंटची वेबसाइट वर आणायची. लोक काय शब्द टाकून शोधतात ते बघायचं, ते शब्द पानावर पेरायचे, पान झटकन उघडेल असं करायचं. पहिल्या पानावर नाही तो मेला, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथं आपण सगळेच कुठल्या तरी मागच्या पानावरून सुरुवात केली.

वडील गेल्यावर दुकान नानानं, माझ्या थोरल्या भावानं, चालवलं. मग जळगावच्या एका माणसाकडून त्यानं वेबसाइट करून घेतली, पाकिटातला मसाला विकायला. मला विचारलं नाही. तो माणूस दर महिन्याला यायचा, नानाचाच फोन मागून घ्यायचा, त्यात 'खान्देशी काळा मसाला' टाकायचा आणि पडदा नानाकडे फिरवायचा. "बघा नाना, पहिला नंबर." एवढ्यावर नानानं ठरवलं की डंका विकायचा, दुकान भाड्यानं द्यायचं, जळगावला पिंप्राळ्यात गोडाऊन घ्यायचं आणि मसाला बाहेरून कुटून आणून नुसती पाकिटं विकायची. माय अजून रोज दुकानात बसायची. कुणाच्या मिरच्या ओल्या, कुणाचे धने कमी भाजलेले, ते हात घालून सांगायची. तिला कोणी विचारलं नाही.

डंका न्यायला टेम्पो आला त्या सकाळी मी धुळ्यात पोचले. नानानं पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही, फोन माझ्यासमोर धरला. "बघ संगे. पुण्यात तू लोकांचं वर आणते. आपलं आपोआप वर शे."

मी म्हटलं, "नाना, तुझा फोन तुला ओळखतो. तू रोज तीच साइट उघडतोस, म्हणून तो तुला तीच पहिली दाखवतो. तुला न ओळखणाऱ्या फोनवर बघ."

"लई शहाणी झाली. वहिनीच्या फोनवर बघ."

वहिनीच्या फोनवरही पहिलीच. तीही रोज उघडून बघायची. मी डंका घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला म्हटलं, "भाऊ, तुमच्या फोनवर शोधा बरं." त्यानं हौसेनं टाइप केलं. "पहिल्या पानावर तर नाही बुवा. पुढं जाऊ?"

"जा," नाना म्हणाला.

व्यापाऱ्याचा अंगठा सरकत राहिला. नागपूरचे मसाले आले, पुण्याचे आले, गुजरातचे आले. शेवटी त्यानं मान वर केली. "नाना, तुमी राहिले कुठं?" टेम्पोवाला फसकन हसला. माय डंक्याचं तोंड फडक्यानं पुसत होती. ती फोनकडे नाही, नानाच्या तोंडाकडे बघत होती.

सौदा तिथंच मोडता आला असता. मी त्याचीच वाट बघत होते. पण परक्या माणसापुढं हसं झाल्यावर नाना मागं कसा फिरणार? तो म्हणाला, "बठ्ठं चढवा गाडीत." सगळं चढलं, मुसळंसुद्धा.

वहिनी मला आत नेऊन म्हणाली, "टेम्पोवाला यायच्या आधी फोन करून सांगता आलं नसतं का?" मी म्हटलं, खरं कधीही सांगितलं तरी खरंच असतं. हे वाक्य क्लायंटपुढं चालतं. वहिनी पोहे ढवळत राहिली.

जाताना मी नानाला म्हटलं, तुझी साइट मी करून देते. "तुझं नको. तुला बघवत नाही," तो म्हणाला. जळगावचा माणूस अजून त्याच्याकडे येतो, अजून त्याचाच फोन मागून घेतो. माय आता नानाबरोबर पिंप्राळ्याच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली उतरत नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, "आठे माले कोन वळखस?"

मागच्या रविवारी तिचा फोन आला. "संगे, आपलं दुकान दखास का वं तुना फोनमा?"

आदल्याच दिवशी मी ऑफिसच्या, कोणालाच न ओळखणाऱ्या मशीनवर शोधलं होतं. कुठंच नव्हतं.

"दिसतं, माय."

"कितवा नंबर?"

"पहिला."

तिनं तिथूनच हाक मारलेली मला ऐकू आली. "नाना, पुनालेबी पहिलाच शे रे!" नाना काय म्हणाला ते कळलं नाही. पण त्यानं फोन हातात घेतला नाही.

खरा नंबर तोंडावर सांगण्याचे मला पैसे मिळतात, आणि समोरचा रडला तरी मी तो सांगते. खोटा नंबर मी एकाच पत्त्यावर देते. तुझं घर कुठलं, असं कोणी विचारलं तर आता तोच पत्ता सांगावा लागेल.